मागून येणारे ओझे

एखादी वस्तू घडविण्यात वर्ष घालवावे आणि ती मुक्कामी नेण्याचा विचार मात्र आदल्या रात्री करावा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. मांडव चार दिवस आधी उभा राहतो. वऱ्हाडासाठी गाडी कोणी सांगितली आहे, हा प्रश्न हळदीच्या संध्याकाळी निघतो. लग्नाच्या बाबतीत त्यातून थोडी धावपळ होते, दोन-चार शब्द वर-खाली होतात आणि वेळ निभावते. यंत्राच्या बाबतीत ती तशी निभावेलच असे नाही.

इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर, धार जिल्ह्यात, पीथमपूर ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील नॅट्रॅक्स या मोटार-चाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला, तेव्हा या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना पीथमपूर त्याआधीपासून ठाऊक होते, आणि ते दुसऱ्याच कारणाने. एस.ए.ई. इंडिया या संस्थेने २००७ साली तेथे 'बाहा' नावाची स्पर्धा सुरू केली. मूळ स्पर्धा अमेरिकेतील, १९७६ सालची. नाव मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या ओसाड द्वीपकल्पावरून घेतलेले. विद्यार्थ्यांनी स्वतः आखावी, स्वतः घडवावी आणि खाचखळगे, चिखल, दगड, चढण यांतून स्वतःच चालवावी अशी एक गाडी, हा या स्पर्धेचा विषय. इंग्रजीत अशा गाडीला ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे कोणत्याही भूमीवर चालणारी गाडी म्हणतात. मुलांच्या तोंडी तिचे नाव ए.टी.व्ही. असे आहे.

ही गाडी एका माणसाची असते. पोलादी नळ्यांचा पिंजरा, चार भरड चाके, पाठीमागे बसविलेले इंजिन, आणि बाहेरचे पत्रे नावापुरते. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांचे इंजिन सर्वांना सारखेच, सुमारे दहा अश्वशक्तीचे. शेवटची शर्यत चार तासांची असते, आणि तीत वेगापेक्षा टिकावाची कसोटी लागते. परंतु त्या शर्यतीला उतरण्यापूर्वी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. गाडी थोडी पळवून ब्रेक दाबायचा. दाबताक्षणी चारही चाके जखडली पाहिजेत. एक चाक जरी फिरत राहिले तरी गाडी परत कार्यशाळेच्या तंबूत जाते. कित्येक संघांची रात्र या एका परीक्षेपायी जागून निघते, आणि ते योग्यच आहे.

आता याच गाडीचा पीथमपूरपर्यंतचा प्रवास पाहावा. तिची नोंदणी झालेली नसते, तिला क्रमांक नसतो, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर ती स्वतःच्या चाकांनी चालू शकत नाही. पुण्याहून पीथमपूर सुमारे सहाशे किलोमीटर, बेळगावाहून नऊशेच्या पुढे. एवढे अंतर तिला कोणाच्या तरी पाठीवर किंवा कोणाच्या तरी मागे जावे लागते. मागे जायचे ठरले, की एखाद्या स्नेह्याची जीप आणि कोठून तरी मिळालेला ट्रेलर अशी जोडी जमते. जिच्या चारही चाकांचा ब्रेक पारखून घेतला जाणार, ती गाडी अशा ट्रेलरवर चढते ज्याच्या एकाही चाकाला ब्रेक नसतो. या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ट्रेलर निवडताना विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा 'यात गाडी मावेल का?' हा असतो. दुसरा प्रश्न भाड्याचा. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु ते ट्रेलर उभा असतानाचे आहेत. ट्रेलरची खरी ओळख तो चालू लागल्यावर, आणि त्याहूनही अधिक तो थांबवायची वेळ आल्यावर होते.

सर्वांत आधी हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, एकच बाहा-गाडी न्यायची असेल तर ट्रेलरची गरज फारशी नसते. तिचे वजन दीडशे ते अडीचशे किलोंच्या आसपास. मूळ अमेरिकन नियमांत रुंदीची कमाल मर्यादा ६४ इंच, म्हणजे सव्वासहाशे नव्हे तर सोळाशे पंचवीस मिलिमीटर आहे. सर्वांत लहान मालवाहू टेम्पोचा हौदा दीड मीटरच्या आसपास रुंद असतो, त्यात ती बसत नाही. पण त्याच्या वरच्या मापाचा पिकअप घेतला की काम होते. त्याला चार चाकांचे ब्रेक आहेत, त्याचा चालक रोज माल वाहतो, आणि मागे काही जोडलेले नसल्यामुळे घाटात चिंतेचे एक कारण कमी होते. भाडे थोडे अधिक पडेल. वर्षभराची वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांना ते जड वाटते, हे खरे. तथापि पोरांनी गाडीच्या सुट्या भागांवर केलेला खर्च आणि हा फरक शेजारी शेजारी लिहून पाहिले, तर तो एवढा मोठा राहत नाही.

ट्रेलरचा विचार रास्त ठरतो तो दोन गाड्या एकत्र न्यायच्या असतील तेव्हा, किंवा बाजारात विकत मिळणारी मोठी ए.टी.व्ही. न्यायची असेल तेव्हा. शेतमळ्यावर वा समुद्रकाठच्या वाळूत चालविण्यासाठी घेतलेली ही यंत्रे तीनशे-चारशे किलोंची असतात, आणि शेजारी शेजारी दोन माणसे बसतील अशी त्यांची थोरली भावंडे त्याच्याही दुपटीने जड. अशा यंत्रांच्या मालकाला ट्रेलर वारंवार लागतो. त्याने तो नीट पारखून घ्यावा.

पारख कोठून सुरू करावी, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. गाडीत ओझे मागच्या बाजूला जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि जोते बैलांच्या गळ्याला लागते. उलट, सारे ओझे पुढे आले तर ते बैलांच्या मानेवर बसते, माना खाली जातात, खांदे सुजतात. जाणता गाडीवान पोती अशी रचतो की धुरेवर थोडासाच भार राहावा. ट्रेलरच्या दांडीचा नियम हाच आहे. फक्त तेथे तो आकड्यात मांडलेला असतो. दोन चाकांच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार दांडीतून जीपच्या हुकावर यावा, असा अमेरिकेतील सर्वमान्य दंडक आहे. ट्रेलर आणि माल मिळून नऊशे किलो असतील तर हुकावर नव्वद ते एकशे पस्तीस किलो.

हा भार कमी पडला तर काय होते? बैलगाडीत बैल हिसका देतात आणि गाडीवान सावध होतो. मोटारीत तो इशारा मिळत नाही. सपाट रस्त्यावर, बऱ्या वेगात, एखादा ट्रक बाजूने जातो, वाऱ्याचा झोत लागतो, आणि ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. प्रत्येक झोका मागच्याहून मोठा. मागचे ओझे पुढच्या गाडीची शेपटी धरून तिला हलवू लागते आणि चालकाच्या हातातले चक्र नावापुरते उरते. अशा वेळी बहुतेकांचा पाय ब्रेकवर जातो, आणि नेमके तेच करू नये. मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि झोका अधिकच वाढतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, चक्र सरळ घट्ट धरावे, आणि वेग आपोआप उतरू द्यावा. परंतु ज्याने माल नीट रचला आहे त्याच्यावर ही वेळ सहसा येत नाही.

उलट, हुकावर भार फार झाला तर जीपचा मागचा भाग बसतो आणि पुढची चाके हलकी होतात. चक्र फिरविले तरी गाडी आळसाने वळते. रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. शिवाय प्रत्येक मोटारीच्या हुकाची स्वतःची मर्यादा असते, ती तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती शंभर किलोंहूनही कमी असू शकते. मग पंधरा टक्क्यांचा दंडक बाजूला राहतो आणि मालच कमी करावा लागतो.

हे वजन अंदाजाने ठरवू नये. ट्रेलर भरून सपाट जमिनीवर उभा करावा, चाकांना दगड लावावेत, आणि दांडीच्या टोकाखाली जीपच्या हुकाइतक्या उंचीचा ठोकळा ठेवून त्याखाली धान्याच्या दुकानातला वजनकाटा सरकवावा. दहा मिनिटांचे काम आहे. बाहा-गाडीच्या बाबतीत येथे एक फसगत हमखास होते. तिचे इंजिन पाठीमागे. ती सरळ तोंडाने ट्रेलरवर चढवली की जड भाग ट्रेलरच्या शेपटाकडे राहतो. मग सुटी चाके, हत्यारांची पेटी, वेल्डिंगचे यंत्र हे सारे शेवटी भरले जाते, आणि शेवटी भरलेले ते शेवटच्याच जागेत जाते. ट्रेलर पुरता उलाळ होतो. दिसायला मात्र सर्व नीटनेटके दिसते. अशा वेळी गाडी पाठमोरी चढवावी, किंवा पुरेशी पुढे ओढून घ्यावी, आणि पेट्या आसाच्या पुढे ठेवाव्यात.

ओझ्याची रचना हातची गोष्ट आहे. ब्रेक मात्र विकत घेतानाच पाहावे लागतात. या मुद्द्यावर थोडा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही.

माणसे बसलेली एक जीप दोन हजार किलोंची धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले, वेग ताशी साठ किलोमीटर. जोराने ब्रेक लागला तर ती सुमारे २३ मीटरांत उभी राहते. आता तिच्यामागे नऊशे किलोंचा, ब्रेक नसलेला ट्रेलर जोडला. ब्रेक तेच, पण त्यांनी थांबवायचे वजन २९०० किलो. अंतर जवळजवळ ३४ मीटर होते. हीच जोडी शंभर मीटरांत सहा मीटर उतरणाऱ्या घाटरस्त्यावर असेल तर ३९ मीटर. म्हणजे सपाटीवरील एकट्या जीपपेक्षा सोळा मीटर अधिक, एका एस.टी. बसच्या लांबीहूनही जास्त. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेला क्षण यात धरलेलाच नाही; त्या एका सेकंदात आणखी सतरा मीटर मागे पडतात. हा ठोकळ हिशेब आहे, ओल्या रस्त्यावर आकडे याहून वाईट येतील.

आणि हे सरळ रस्त्यावरचे झाले. वळणावर ब्रेक लागला तर पुढची गाडी मंदावते, मागचे ओझे मंदावत नाही. ते आपल्या पूर्वीच्या दिशेने रेटा देत राहते, जीपची शेपटी बाहेर फेकली जाते आणि दोन्ही गाड्या अडकित्त्याच्या पात्यांसारख्या मिटतात.

युरोपातील नियमांनी यावर एक सीमा घातली आहे. मालासह साडेसातशे किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, पण तो ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाहून जड असता कामा नये. त्यापुढच्या ट्रेलरला ब्रेक हवाच. तेथील हलक्या ट्रेलरांचा ब्रेक मोठा युक्तीचा आहे. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेटतो. त्या रेट्यानेच दांडीतील दट्ट्या आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढले जातात. ओझे जितके जोराने ढकलते तितका त्याचा आपलाच ब्रेक आवळला जातो. अमेरिकेत त्याऐवजी विजेचे ब्रेक अधिक चालतात. त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी असते, आणि ट्रेलर डोलू लागल्यास फक्त मागचे ब्रेक लावून त्याला सरळ ओढता येते. कोणताही घ्यावा. साडेसातशे किलोंचा आकडा मात्र आपल्याकडे घेणाऱ्यानेही मनात ठेवावा, कारण रिकाम्या ट्रेलरचेच वजन तीनशे-साडेतीनशे किलो असते आणि दोन यंत्रे, चार पेट्या चढेपर्यंत ती सीमा केव्हा ओलांडली हे कळत नाही.

गावोगावच्या कारखान्यांतून ट्रेलर बनवून मिळतात. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर घडविला, त्या बेळगावात आजही ओतकामाचे आणि यंत्रकामाचे हात कमी नाहीत. परंतु नांगर ताशी तीन किलोमीटर चालतो, ट्रेलर साठ. भंगारात निघालेल्या मोटारीचा आस, वर चौकट, खाली जोड, असा ट्रेलर जेव्हा समोर येतो तेव्हा काही गोष्टी वाकून पाहाव्यात. आस दांडीशी बरोबर काटकोनात आहे का? दोन्ही चाकांच्या मध्यापासून दांडीच्या टोकापर्यंतचे अंतर दोरीने मोजले की हे लगेच कळते. फरक निघाला तर ट्रेलर जन्मभर तिरका चालणार आणि टायर खाणार. कमानपाटे आहेत का, की चौकट थेट आसावर बसविली आहे? बिनपाट्याच्या ट्रेलरवर प्रत्येक खड्ड्याचा दणका मालाला बसतो आणि वेल्डिंगलाही. हौद्याच्या लांबीपैकी साठ टक्के भाग आसाच्या पुढे यावा. आस अगदी मधोमध असेल तर दांडीवर भार आणण्यासाठी पुढे सारी कसरत करावी लागते.

एक आस की दोन, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. टनाच्या आतल्या ओझ्याला एक पुरतो. दोन आसांचा ट्रेलर अधिक स्थिर धावतो, एखादे चाक पंक्चर झाले तरी लगेच कोसळत नाही. पण तो महाग असतो, आणि रिकामा असतानाही तीन माणसांना हाताने वळत नाही.

चाकांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लहान चाकांमुळे हौदा खाली येतो आणि गाडी चढविणे सोपे जाते, म्हणून ती पसंत पडतात. परंतु अर्धा मीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे ६४० फेरे घेते. पुण्याहून पीथमपूर येईपर्यंत जवळजवळ तीन लाख ऐंशी हजार. जीपचे सत्तर सेंटिमीटरांचे चाक त्याच वाटेत एक लाखाहून अधिक फेरे कमी घेते. एवढे फेरे ज्या बेअरिंगवर जातात त्यांतले ग्रीस मागच्या दिवाळीचे असेल, किंवा नुसतेच 'असावे' असे वाटत असेल, तर ते निघण्यापूर्वी उघडून भरावे. पहिल्या तासाभराने थांबून चाकाच्या तुंब्याजवळ हाताची मागची बाजू न्यावी. कोमट लागला तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर पुढे जाऊ नये. आणि ट्रेलरचे सुटे चाक वेगळे न्यावे. जीपचे त्याला बसत नाही, हे बहुतेकांना मध्यरात्री समजते.

जोडाविषयी एक लहानशी पण जिवावरची गोष्ट. हुकावरचा गोळा आणि दांडीच्या टोकाची वाटी ही एकाच मापाची असली पाहिजेत. बाजारात ५० मिलिमीटरचे गोळे आहेत, दोन इंचांचे आहेत आणि पावणेदोनच्या किंचित वरचे, १⅞ इंचाचेही आहेत. दोन इंचांच्या वाटीत धाकटा गोळा छान बसल्यासारखा वाटतो, कुलूपही लागते, गावातल्या रस्त्यावर काही होत नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाटी वर उसळते आणि सुटते. जोड लावल्यानंतर दांडीखालचा जॅक फिरवून ट्रेलर वर उचलू पाहावा; जीपची पाठ त्याबरोबर उचलली गेली तर जोड धरला आहे. त्याशिवाय दोन साखळ्या हव्यात, आणि त्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावाव्यात. जोड सुटलाच तर दांडी त्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

गाडी ट्रेलरवर चढविताना होणारे अपघात वेगात होत नाहीत, म्हणून त्यांची चर्चा कमी. हौदा साठ सेंटिमीटर उंच आणि रॅम्प दीड मीटरचा असेल तर चढ जवळजवळ चोवीस अंशांचा होतो. तोच रॅम्प दोन मीटर चाळीसचा घेतला तर साडेचौदा. आखूड रॅम्पवर गाडीचे तोंड आभाळाकडे जाते, वरच्या कडेवर पोट टेकते, आणि मागची चाके फिरताना रॅम्पलाच मागे ढकलतात. रॅम्प ट्रेलरला साखळीने बांधलेला असावा, ट्रेलर जीपला जोडलेला असावा, आणि शक्य तर कोणी गाडीवर बसून ती चढवूच नये. हाताच्या विंचने ओढून घ्यावी. उत्साही मुलांना हे शौर्याचे वाटत नाही, पण येथे शौर्य दाखवून गुण मिळत नाहीत.

बांधण्यासाठी काथ्याची दोरी नको. ती ओली झाली की आवळते, सुकली की सैल होते. रॅचेटचे पट्टे चार, चार कोपऱ्यांना, दोन पुढे आणि दोन मागे ओढणारे. गाडीचे पाटे-स्प्रिंग खड्ड्यात दबतात तेव्हा चौकटीला बांधलेले पट्टे क्षणभर ढिले पडतात, म्हणून ते शक्य तितके चाकांजवळच्या भक्कम भागांना बांधावेत. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर एकदा थांबून पुन्हा आवळावेत. तेवढ्यात सर्व काही आपापल्या जागी बसलेले असते आणि पट्टे हटकून सैल निघतात. टाकीतले पेट्रोल निघण्यापूर्वी काढून घ्यावे.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. मागचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा, वळणाचे दिवे जीपच्या दिव्यांबरोबर लागले पाहिजेत, कारण ट्रेलरने जीपचे दिवे झाकलेले असतात. पुढे काय आहे ते मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात फक्त या दिव्यांवरून आणि लाल परावर्तकांवरून कळते. ट्रेलरवर माणसांनी बसू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण शर्यत संपल्यावर, गाडीपाशी झोपूनच जातो म्हणणारी दोन मुले प्रत्येक संघात निघतात.

कारण सारा धोका साचलेला असतो तो परतीच्या वाटेवर. येताना सर्व ताजेतवाने असतात, पट्टे चार-चार वेळा ओढून पाहिलेले असतात, आणि मोठा घाट चढाचा असतो. परतताना चार दिवसांचे जागरण अंगावर, कोणी जिंकल्याच्या आनंदात, कोणी आस मोडल्याच्या दुःखात, आणि घाट उताराचा. पीथमपुराहून निघालेला रस्ता महू-मानपूरकडून माळव्याचे पठार सोडतो आणि खलघाटाला नर्मदेपाशी पोचेपर्यंत सुमारे चारशे मीटर खाली येतो. पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात यावे लागते. याच उतारांवर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या माळव्याच्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत.

चारशे मीटर उतरणाऱ्या २९०० किलोंच्या जोडीतून जी शक्ती बाहेर पडते, ती सगळी उष्णतेत बदलली तर तिने सुमारे चौतीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. एकट्या जीपच्या बाबतीत तेवीस-चोवीस लिटरना. यातला काही भाग वारा आणि रस्ता घेतो. उरलेला कोणी घ्यायचा, एवढाच प्रश्न असतो. ब्रेकांनी घेतला तर ते तापतात, तापलेले ब्रेक धरेनासे होतात, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचाही वाटा जीपच्याच चाकांवर येतो. इंजिनाने घेतला तर काही बिघडत नाही. ज्या गिअरने हा घाट चढता आला असता त्याच गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधीच, गाडी घालावी आणि ब्रेक मधून मधून दाबून सोडावा. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचविणाऱ्याला जीप देऊ नये, मग तो संघाचा कप्तान का असेना.

मानपूरच्या आसपास, पठार संपण्यापूर्वी, चहासाठी थांबणारे पुष्कळ असतात. गाडी थांबवावी ती तेथे. एकाने जोड आणि साखळ्या पाहाव्यात, एकाने पट्टे, एकाने चारही तुंब्यांना हात लावावा, एकाने मागे उभे राहून दिवे लावायला सांगावे. रात्र झाली असेल आणि चालकाने दोनदा जांभई दिली असेल, तर पहाटेपर्यंत तेथेच मुक्काम करावा. बाहा-गाडी तोपर्यंत ट्रेलरवर चिखलाने माखलेली उभी असते. तिचे चारही ब्रेक तपासून झालेले आहेत.